अत्सेदेच्या मरणाची शपथ

रविवारी चर्चमधून परतल्यापासून अत्सेदे कांदाच चिरत होती. डोरो वॉटमध्ये कोंबडीला नाव मिळतं, राबतो मात्र कांदा. ढीगभर कांदा बारीक चिरायचा, तो मंद आचेवर कोरडाच परतत बसायचं, मग तिखट, मग लोणी, आणि कोंबडीची पाळी सगळ्यांत शेवटी. रडून रडून अत्सेदेचे डोळे टोमॅटोसारखे झाले होते, पण हात थांबत नव्हता. आज दुपारी मुलाकडचे तिघे वडीलधारे तिच्या मुलीला, मास्तेवालला, मागणी घालायला तिसऱ्यांदा येणार होते.

पहिल्या खेपेला तिच्या नवऱ्याने, मेंगेशाने, त्यांना परत पाठवलं होतं. ते रीतीला धरूनच होतं. मागितल्याबरोबर द्यायला मुलगी म्हणजे काय चाळण आहे? दुसऱ्या खेपेला "भावकीला विचारून सांगतो" म्हणाला. भावकीत उरला होता एक काका, आणि त्याला कानाशी तुतारी फुंकली तरी ऐकू येत नसे. तेही अत्सेदेने गिळलं. पण गेल्या रविवारी त्या तिघांतले थोरले, दामतेव, तिला चर्चच्या फाटकाशी भेटले आणि काठीवर रेलून म्हणाले, "मुली, हे गुडघे तुझ्या दाराशी अजून एकदा येतील. त्यापुढे माझी जबाबदारी नाही. यितबारेकच्या आईने दुसरीकडेही मुलगी बघून ठेवली आहे."

मुलगा, म्हणजे यितबारेक, शाळेत गणित शिकवायचा. त्याचं नाव निघालं की मास्तेवाल उगाचच भांडी पुन्हा घासायला घ्यायची. आईला आणखी काय कळायचं राहतं? तेव्हा आज होकार जायलाच हवा होता, आणि तो मेंगेशाच्या तोंडून काढायचा होता. तिथेच सगळं घोडं अडलं होतं.

मेंगेशाची धान्याची गिरणी होती. सगळा जन्म तिच्या घरघराटात गेल्यामुळे त्याला हळू बोलणं माहीत नव्हतं. तो कानात काही सांगायला लागला की पलीकडच्या गल्लीत कळायचं. माणूस वाईट नव्हता. पण ते तिघे वडीलधारे शुभ्र शाली पांघरून दाराशी उभे राहायचे, होकार मिळेपर्यंत बसायचे नाहीत, पाण्याला शिवायचे नाहीत, आणि इतक्या गोड शब्दांत विनवायचे, की मेंगेशाला त्याची चटक लागली होती. घरात त्याला इतक्या अदबीने विनवणार कोण?

"आज हो म्हणणार ना?" सकाळी अत्सेदेने विचारलं होतं.

"बघू."

"काय बघू?"

"मुलगी म्हणजे काय तेफचं पोतं आहे? गिऱ्हाईक आलं की टाकलं काट्यावर?"

एवढं बोलून तो एका मित्राकडे बारशाला म्हणून शेजारच्या गावी निघून गेला. जाता जाता मास्तेवालला त्याने गावातल्याच आपल्या बहिणीकडे सोडलं, कारण मागणीच्या दिवशी मुलीला घरात ठेवत नाहीत.

कांदा चुलीवर चढला तेव्हा अत्सेदेच्या लक्षात आलं, की घरात बसायला धड बाक नाही. होकार मिळाल्यावर वडीलधाऱ्यांना काय जमिनीवर बसवायचं? बाकं होती इदिरकडे. गल्लीतल्या घराघरांतून वर्गणी जमवून चालवलेली ही मंडळी कुणाच्या घरी माणूस गेलं, की तंबू, बाकं, पातेली घेऊन हजर होत. लग्नालाही मागितलं तर बाकं मिळत. हे सगळं सामान म्हाताऱ्या शिबेशींच्या ताब्यात असे, आणि लहानथोर सगळे त्यांना मानाने 'गाशे' म्हणत.

तिने खुंटीवरची पांढरी नेतेला ओढली. पाहते तो खांद्यावरून सोडायच्या रंगीत काठाजवळ तिखटाचा हा मोठा डाग! दुसरी काढायला वेळ कुठे होता? तिने ती ओढणी उलटी फिरवली, डागाचं टोक वर घेऊन मानेशी दडपलं, आणि धावत सुटली. काठ मानेशी आला, चेहऱ्याला भिडला. देब्रे मार्कोस गावात नेतेलाचा काठ असा वर दिसला, की घरात कुणीतरी गेलं हे शेंबडं पोरसुद्धा ओळखतं. पण घाईत असलेल्या बाईला आरसा आठवत नाही.

गाशे शिबेशी उन्हात बसून वाल सोलत होते. त्यांनी आधी काठ पाहिला, मग लालभडक डोळे, आणि हातातली शेंग हातातच राहिली.

"गाशे, दोन बाकं हवी होती."

"दोनच?"

"पुरतील. फार माणसं नाहीत यायची."

"असं कसं, पोरी? सगळी गल्ली येईल!"

"नको हो! गल्लीत इतक्यात कुणाला कळायला नको. संध्याकाळी कळेलच सगळ्यांना." सोयरीक पक्की व्हायच्या आधी बोभाटा झाला, तर काय घ्या! "आणि गाशे, काय, कशाला, ते मला आत्ता विचारू नका."

त्यांनी विचारलं नाही. दुःखातल्या माणसाला विचारतात का? त्यांनी फक्त तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"गाशे, तुम्ही रडताय की काय?"

"नाही ग. धूर गेला डोळ्यांत."

धूर कुठेच नव्हता. पण अत्सेदेचा जीव चुलीवरच्या कांद्यापाशी होता, ती तशीच माघारी पळाली.

आता शिबेशींचं एक शल्य होतं. मागे एका घरी इदिरचा तंबू उशिरा पोचला होता, आणि लोक भर उन्हात उभे राहिले होते. तेव्हापासून गल्लीतला जो तो त्यांना "काय गाशे, तंबू निघाला का?" असं विचारायचा. या वेळी त्यांनी ती संधी कुणाला द्यायची नाही असं ठरवलं. वालाची टोपली बाजूला सारून ते उठले, चार माणसांना हाक मारली आणि अत्सेदेच्या शेजारणीला, एतागला, निरोप धाडला: "तिच्याजवळ जाऊन बस. काही विचारू नकोस."

एताग आली तेव्हा अत्सेदे डोरो वॉटमध्ये पळी फिरवत चक्क गुणगुणत होती. नेतेला पुन्हा खुंटीवर गेली होती. एताग दारातच थबकली. दुःखाने बाईचं डोकं फिरलंय, हे उघड होतं. तिने मागून येऊन अत्सेदेला मिठी मारली आणि हळूच तिच्या हातातली पळी काढून घेतली.

"मी ढवळते. तू बस."

"अगं, मला काय झालंय?"

"काही नाही. काहीसुद्धा नाही. बस."

मग आणखी दोघी आल्या. मग आणखी. कुणी बोलेना, कुणी नजरेला नजर देईना. एकीने अत्सेदेचा फोन उचलून आपल्या कमरेच्या गाठीत बांधला. दोघी तिच्या दोन बाजूंना अगदी खेटून बसल्या, आणि तिसरीने कोपऱ्यातली सुरी उचलून बाहेर नेली.

अत्सेदेने त्या सुरीकडे पाहिलं आणि ओळखलं. ही रीत तिला पाठ होती, ती स्वतःच कितीदा अशी कुणाकुणाच्या बाजूला खेटून बसली होती. माणूस गेल्याची बातमी फोनवर सांगायची नाही. आधी जमायचं, फोन लपवायचा, बाई अंग टाकेल म्हणून तिला दोन्हीकडून धरायचं, आणि मगच तोंड उघडायचं.

"कोण?" ती कशीबशी म्हणाली. "सांगा, कोण गेलं?"

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. बिचारी! आता हेही आपणच सांगायचं?

"तूच बोल, माय," एताग तिची पाठ कुरवाळत म्हणाली. "तोंडाने बोललीस की मन मोकळं होईल. नाव घे."

नाव? अत्सेदेने मनातल्या मनात सगळं घर चाचपलं. मास्तेवाल नणंदेकडे, इथल्या इथे. बाहेरगावी गेलेला एकच. खच्चून भरलेली ती मिनीबस, तो घाटाचा रस्ता, तो शिट्या वाजवत हाकणारा ड्रायव्हर!

"मेंगेशा!" तिने किंकाळी फोडली. "माझा मेंगेशा!"

आता कुठे बायकांना नाव कळलं. लगेच सगळ्यांनी एकदम हंबरडा फोडला. अंगणात तंबूची खुंटी ठोकणारे गाशे शिबेशी हातोडा टाकून मटकन खाली बसले.

रडताना गेलेल्याचे गुण आळवायचे असतात. अत्सेदेने छाती बडवत सुरुवात केली.

"चिखलाचे बूट घेऊन चटईवर आता कोण चढेल रे! एक गोष्ट दहादा विचारायला कोण लावेल! कानाशी कोण ओरडेल, माझ्या गिरणीवाल्या!"

"अगं, काहीतरी चांगलं बोल," एताग कानात म्हणाली.

"जे आठवतंय तेच बोलतेय ना!"

पण ती मनापासून रडत होती. उद्यापासून भांडायलाही हा माणूस समोर नसणार, या विचाराने तिच्या काळजाचं पाणी झालं होतं. त्याचं ते आडमुठं "बघू" एकदा ऐकायला मिळालं असतं, तर तिने त्याच्यावरून आपला जीव ओवाळून टाकला असता.

इकडे फाटकाशी मेंगेशा मिनीबसमधून उतरत होता, आणि नेमके त्याच वेळी ते तिघे वडीलधारे येऊन पोचले. अंगणात तंबू, आत आक्रोश. दामतेव जुने जाणते होते. शोकाच्या घरी कोणी सोयरिकीचं बोलतं का? त्यांनी मागणीचे शब्द गिळले, तोंड लांब केलं आणि पुढे होऊन मेंगेशाला छातीशी धरलं.

"देव तुला बळ देवो, बाबा."

मेंगेशाने तंबूकडे पाहिलं. मुलीला तर त्याने येताना बहिणीच्या दारात हसताना पाहिलं होतं. मग घरात आज दुसरं होतंच कोण?

"अत्सेदे!"

तो आवाज भिंतीतून आरपार घरात आला. बायका जागच्या जागी थिजल्या. एकीने छातीवर क्रॉस काढला. मेलेला माणूस बाहेरून ओरडत होता, आणि तेही नेहमीच्याच आवाजात.

"अत्सेदे! मला एकट्याला टाकून गेलीस!"

अत्सेदे रडायची थांबली. तिने कान टवकारले. मग तिच्या अंगातून असं काही वारं गेलं, की तिला एकाच वेळी हसूही आलं आणि रडूही. आहे! मेला धडधाकट आहे!

"अगं, तो जिवंत आहे!" एताग ताडकन उठली. "थांब, मी जाऊन सांगते त्याला, की तूही—"

अत्सेदेने तिची ओढणी धरून तिला खाली बसवलं.

"श्श. बोलू दे त्याला."

"अगं, तो रडतोय!"

"रडू दे. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच माझ्याबद्दल काही बोलतोय."

बाहेर मेंगेशा मातीत बसून डोकं धरून ओरडत होता, आणि आपण तंबू नक्की कुणासाठी ठोकला हेच गाशे शिबेशींना कळेनासं झालं होतं. "तिच्यासारखी बाई या गावात नव्हती! माझ्या आईपेक्षा तिचं डोरो वॉट चांगलं होतं. आई गेली तरी मी हे कबूल केलं नाही!"

आत बायकांनी पदर तोंडात कोंबले. अत्सेदेच्या गालांवर लाली चढली.

"सकाळी ती मला म्हणाली, हो म्हणा. आणि मी म्हटलं, बघू! काय बघायचं होतं मला? मुलगा सोन्यासारखा आहे, हे मला ठाऊक नव्हतं? मुलगी गेली की घर सुनं होईल, म्हणून मी दिवस पुढे ढकलत होतो. मला नाही सोसायचं ते. संध्याकाळी गिरणीवरून आल्यावर मला कॉफी कोण देईल?"

हे मात्र अत्सेदेला माहीत नव्हतं. तिला वाटत होतं, हा नुसता मिजास करतोय. तिचे डोळे पुन्हा भरून आले, आणि या वेळी कांद्याचा त्यात काहीच हात नव्हता. ती उठून दाराकडे गेली, कडीवर हात ठेवला, आणि तशीच थांबली.

"आता तरी जा की!" एताग कळवळली.

"अजून शब्द कुठे दिलाय त्याने?"

"दामतेव!" बाहेर मेंगेशाने म्हाताऱ्याचे गुडघे धरले. "तिची एवढी एकच इच्छा होती. ऐका, तुम्हीही ऐका, गाशे शिबेशी! मुलगी दिली! यितबारेकला दिली! अत्सेदेच्या मरणाची शपथ, दिली!"

कडी वाजली. अत्सेदे उंबऱ्यात उभी राहिली.

गाशे शिबेशी एकदा मेंगेशाकडे आणि एकदा अत्सेदेकडे पाहत राहिले. ज्यांच्यासाठी तंबू ठोकला ती दोन्ही माणसं त्यांच्यासमोर उभी होती. मेंगेशा उठला, तिच्यापाशी आला, तिचा दंड चाचपला, आणि सगळ्या गल्लीदेखत तिला मिठी मारून लहान पोरासारखा रडला. त्या रडण्याला मात्र आवाज नव्हता.

मग हळूहळू उलगडा झाला. बाकं, काठ, कांदा. एतागने खुंटीवरची नेतेला आणून डाग दाखवला. "मला आधीच शंका आली होती," गाशे शिबेशी म्हणाले. कुणी विश्वास ठेवला नाही. पण तंबू वेळेवर आला होता, हे सगळ्यांनी कबूल केलं, आणि म्हाताऱ्याला तेवढं पुरलं.

डोळे पुसून झाल्यावर मेंगेशाच्या ध्यानात आलं, की आपण काय काय बोलून बसलो. त्याने घसा खाकरला.

"म्हणजे आता, ते मघाचं, दामतेव... ते शोकात बोललो. बाई तर समोर उभी आहे. तेव्हा त्या शपथेला तसा अर्थ नाही."

"अर्थ नाही कसा?" दामतेव शांतपणे म्हणाले. "तिच्या मरणाची शपथ घेतलीस. शब्द मोडलास तर ती मरेल. आत्ताच तर जिवंत झाली आहे. बघ बाबा, तुझं तू ठरव."

मेंगेशाने बायकोकडे पाहिलं. ती छातीवर हात ठेवून जराशी खोकली.

"पण भावकीला..." तो पुटपुटला.

"वाढा!" दामतेव बाकावर टेकत म्हणाले. आज पहिल्यांदाच ते या घरी बसले होते. मोठ्या परातीत आंबोळीसारखा मऊ इंजेरा पसरला, वर डोरो वॉट ओतलं, आणि सगळी गल्ली तंबूत दाटीवाटीने बसली. अश्रू अजून वाळले नव्हते, तरी भुकेला त्याचं काय!

मेंगेशा मात्र बायकोच्या कानाशी लागला, म्हणजे सगळ्या तंबूला ऐकू गेलं. "मीही मेलो होतो म्हणे घटकाभर. तू काय म्हणालीस माझ्याबद्दल?"

"ते ऐकायचं तर एकदा खरोखर मरावं लागेल."

"बरं, ते राहू दे. पण या लग्नाचं मी म्हणतो, जरा बघू—"

अत्सेदेने इंजेराचा मोठा तुकडा तोडला, त्यात कोंबडीची तंगडी आणि अख्खं अंडं गुंडाळलं, आणि प्रेमाने त्याच्या तोंडापाशी नेलं. आपल्या माणसाने स्वहस्ते भरवलेला घास नाकारणारा अजून तरी गोज्जाम प्रांतात जन्मलेला नाही. मेंगेशाने तोंड उघडलं, तिने घास अंगठ्याने पार आत सारला, आणि दामतेवांकडे पाहून मान हलवली.

घास भलताच मोठा होता. मेंगेशाने तो चावून गिळेपर्यंत वडीलधाऱ्यांनी लग्नाचा महिना ठरवला, आणि गाशे शिबेशींनी तंबू तोवर इथेच राहू द्या म्हणून सांगून टाकलं.