बंदुकीचं मुसकं

दत्तूकाका पाटणकरांनी आयुष्यात झुरळ मारलं नव्हतं. घरात एखादं निघालंच तर ते त्याला वाटीखाली कोंडायचे, खालून पोस्टकार्ड सरकवायचे आणि भर बर्फात बाहेर सोडून यायचे. तिथं ते मरायचंच, पण काकांच्या हातून नव्हे. अशा माणसानं एका उन्हाळ्यात तीन महिने, रायफलच्या नळीच्या तोंडाला काय बसवावं, याखेरीज दुसरा विषय काढला नाही.

ऐंशीच्या दशकात मी अमेरिकेत, स्टेट कॉलेज नावाच्या गावी पीएच.डी. करत होतो. रविवारी काकूंच्या हातचा वरणभात मिळायचा, त्याची किंमत म्हणून काकांचं ऐकावं लागायचं. काका व्हॉल्व्हच्या कारखान्यात इंजिनियर. दर शनिवारी शेजारच्या वॉल्टरबरोबर नेमबाजीच्या रेंजवर जायचे. वॉल्टर म्हणजे रिटायर झालेला बस ड्रायव्हर.

"कन्फ्यूज होऊ नकोस," काका कॅटलॉग पसरून सांगायचे. "या तोटीनं नुसता जाळ लपतो. हिच्यानं नळी वर उडत नाही. आणि हा मझल ब्रेक! यानं खांद्याला बसणारा धक्का कमी होतो. आपण हाच सिलेक्ट करायचा."

एकदा तर त्यांनी शेगडीवरचा कुकरच पुराव्यादाखल उतरवून आणला. "ही शिट्टी बघ. गॅस पुढे न सोडता भोकांतून बाजूला काढायचा. पण लक्षात ठेव, धक्का मरत नाही रे, नुसता पत्ता बदलतो."

"आणि माझा भात कच्चा राहतो," काकू म्हणाल्या. त्या सांगलीकडच्या, शेतकरी घरातल्या. "मझल म्हणजे मुसकंच ना? मळणीला बैलाच्या तोंडाला बांधतात ते? बांधा बाई एकदाचं. शनिवारी तुमचे कान गच्च होऊन येतात, निदान आवाज तरी कमी होईल."

काकांनी घाईघाईनं कुकर परत शेगडीवर ठेवला. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

मग नळीच्या टोकाला आटे पाडून घेतले, ब्रेक बसला आणि उद्घाटनाला काकांनी मला रेंजवर नेलं. मी दहा पावलं मागे उभा राहिलो. वॉल्टर रायफल घेऊन बसला. काका हातात दुर्बीण घेऊन थेट त्याच्या कुशीला. कानात बोळे, वर कान झाकणारी मफ.

बार उडाला. असला आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. बैलाला मुसकं बांधावं आणि तो दुप्पट डुरकावा, तसं झालं. वॉल्टरचा खांदा जेमतेम हलला. काकांचा चष्मा मात्र नाकावरून घसरला. मफ आणि बोळे काढून ते माझ्याजवळ आले.

"काका, आता तुमची रायफल काढा ना," मी म्हणालो.

"माझी? माझ्याकडे कुठली रायफल? मी फक्त गोळी कुठं लागली ते सांगतो. आणि चहाचा थर्मास आणतो."

तीन महिने!

"वॉल्टरच्या खांद्याचं ऑपरेशन झालं," काका हळूच म्हणाले. "डॉक्टर म्हणाला, धक्का चालणार नाही. हा रायफल विकायला निघाला होता. मग माझ्या शनिवारचं काय?"

"पण तुम्ही मागे उभे राहा की! सगळा आवाज बाजूलाच येतोय."

"त्याला उजव्या कानानं कमी ऐकू येतं. म्हणून मी डावीकडे, अगदी जवळ." मग ते थोडे ओशाळले. "कारखान्यात मी मिस्टर पी. तुम्हा पोरांचा काका. तुझी काकू 'अहो' म्हणते. मुलं फोनवर 'हाय डॅड' म्हणून आईला मागतात. माझी आई गेल्यापासून मला नावानं हाक मारणारा हा एकच माणूस आहे रे."

मघाशी मनातल्या मनात हसलो होतो, त्याची लाज वाटली.

बोळे आणि मफ पुन्हा चढवून काका आपल्या जागी गेले आणि दुसरा बार झाला. दोघांनी मफ आणि बोळे काढले आणि वॉल्टर ओरडला, "डॅटू! यू ओके?"

काकांनी कानामागे हात धरला. "व्हॉट?"

"डॅटू!"

"व्हॉट?"

"डॅटू!"

काकांना पहिल्याच हाकेला ऐकू आलं होतं. मी त्यांचा चेहरा बघत होतो.