मिलेटसमध्ये बंडखोर मिळेनात

प्रवेश पहिला

सिंगापूरच्या टॅम्पिनीसमधल्या आमच्या मराठी मंडळाच्या वार्षिक कार्यक्रमासाठी विनीताने नाटक लिहिले. विषय: अडीच हजार वर्षांपूर्वी मिलेटस या ग्रीक शहराने पर्शियन सम्राटाविरुद्ध केलेले बंड. समितीने एकमताने मंजुरी दिली. विषय जुना आणि लांबचा, म्हणून निर्धोक होता.

अडचण भूमिकावाटपात आली.

"मला पर्शियन सैनिक कर," प्रबोध म्हणाला. "नोकरीच्या पासचं रिन्यूअल आहे. बंडखोर म्हणून फोटो फिरला तर?"

"अरे, सम्राट कधीच मेला," विनीता म्हणाली.

"एचआर जिवंत आहे."

एम्प्लॉयमेंट पासवाले सगळे पर्शियन झाले. पीआरसाठी, म्हणजे कायम वास्तव्यासाठी, अर्ज केलेल्यांनी तटस्थ नागरिकांच्या भूमिका मागून घेतल्या. मग ज्यांना इथले नागरिकत्व मिळाले आहे त्यांनी बंड करावे, अशी सूचना आली. ते म्हणाले, आता आमची तक्रारच काही नाही.

प्रवेश दुसरा

(रद्द. यात बंडखोर सार्डिस शहर जाळतात. सभागृहात ज्वलनास मनाई आहे.)

प्रवेश तिसरा

पर्शियन सैन्यात इतकी भरती झाली की भाले पुरेनात. बंडखोर एकच उरली: विनीताची मुलगी गार्गी, प्रायमरी फाइव्ह, म्हणजे पाचवीतली.

"बाबा, तू तरी ये ना. एकटीने रिबेल कसं करू? सो सिली, ला."

"राणी, मी मंडळाचा सहचिटणीस आहे," यशोधन म्हणाला. "मनाने तुझ्याच बाजूला आहे."

विनीताने शेवट बदलला. प्रेक्षक हेच मिलेटस. गार्गीने हाक द्यायची, सगळ्यांनी उठायचे. व्हॉट्सॲपवर कळवले. सगळ्यांचे अंगठे आले, काहींचे दोनदा.

प्रवेश शेवटचा

"मिलेटसच्या लोकांनो, उठा," गार्गी म्हणाली.

लोकांनी पहिल्या रांगेकडे पाहिले. पहिल्या रांगेतल्या प्रायोजकांनी अध्यक्ष निशिकांतरावांकडे पाहिले. निशिकांतराव डोळे मिटून ग्रीसमध्ये रमले होते.

"उठा ना," गार्गी पुन्हा म्हणाली. आवाज चिरकला. यशोधन अर्धवट उठला, पँटची घडी नीट केली आणि बसला. विंगेत विनीताने पडद्याची दोरी हातात घेतली.

तेवढ्यात निशिकांतराव उठले. केटरर आला का, ते पाहायचे होते. पाठोपाठ अख्खे सभागृह उभे राहिले. टाळ्या थांबेनात. अहवालात नोंद झाली: बंडास उत्स्फूर्त प्रतिसाद.

"आई, वी वन, इज इट?"

"जेवून घे," विनीता म्हणाली.

तुम्ही हे बसूनच वाचताय ना? बसा. पुढच्या रांगेतले कोणी उठले की कळवू.