माझ्याच बोलीवर माझी बोली

नुसती पाहून यायची, घ्यायची नाही, असं पक्कं ठरवून मी लिलावाला गेलो. (माझं 'पक्कं' किती टिकतं हे घरात सर्वांना ठाऊक आहे.) गाडी जुनी, ब्रिटिश, दोनच सीटची, बिनछपराची, आणि इतकी बुटकी की आत बसायचं तर आधी जमिनीशी सलगी करावी लागे.

तरुणपणी माझ्या थोरल्या मेहुणीकडे अशीच गाडी होती. दोघी बहिणी तिच्यातून भटकायच्या. मेहुणी गेली आणि तेव्हापासून माझ्या बायकोने उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं नव्हतं. दिवसभर खिडकीशी बसून राही. डॉक्टर करून झाले, मुलगी समजावून गेली. मी तर रोजच समजावत होतो, त्यामुळे ती अधिकच गप्प होई. ही गाडी दारात दिसली तर कदाचित बाहेर येईल, एवढाच माझा तर्क.

लिलावात मी नंबराची पाटी वर केली. लिलाववाल्याने मान डोलावली. पण मला की मागच्या मिशीवाल्याला? पुन्हा वर केली. (माझी डॉक्टरेट तर्कशास्त्रातली. ती खरंच मिळाली ना, हेही मी विद्यापीठात दोनदा जाऊन विचारलं होतं.) पुन्हा हात वर गेला तेव्हा लिलाववाला थांबला.

"सर, वरची बोली तुमचीच आहे. तुम्ही भांडताय कुणाशी?"

"खात्री करून घेत होतो."

"मग हातोडा मारू, की अजून शंका आहे?"

शंका होतीच. हातोडा पडला.

गाडी ट्रकमधून आमच्या फाटकाशी उतरली. मी कसाबसा आत शिरलो आणि किल्ली फिरवली. गाडी खोकली आणि गप्प झाली. पुन्हा खोकली. खिडकीचा पडदा हलला. आता ही चालू झाली नाही तर तो पडदा कायमचा ओढला जाईल, आणि माझ्याकडे दुसरा तर्क शिल्लक नव्हता.

दार उघडलं. बायको अनवाणीच पायऱ्या उतरून रस्त्यावर आली. बराच वेळ बॉनेटवर हात ठेवून उभी राहिली.

"अहो, चोक ओढलात का?"

"तो कुठे असतो?"

"उतरा."

उतरायलाही मला तिचा हात लागला. ती स्टिअरिंगला बसली.

"तुला चालवता येते?"

"ताईला कुठे यायची? मीच चालवायचे. तुम्ही कधी विचारलंत?"

नव्हतं विचारलं. मी मागे जाऊन गाडी ढकलू लागलो. गाडी गुरगुरली, निघाली आणि कोपऱ्यावरून दिसेनाशी झाली. मी तिच्या चपला आणून रस्त्याकडेला उभा राहिलो.

ती परत आली तेव्हा केस विस्कटलेले होते, डोळे ओले होते (वारा असेल), आणि शेजारच्या सीटवर गळ्यात टेप अडकवलेली कोपऱ्यावरची शिंपीणबाई होती. फाटकाशी येताच गाडी पुन्हा बंद पडली.

"मी कधी बसू?" मी विचारलं.

"तुम्ही बसलात तर ढकलणार कोण?"

इतका बिनतोड युक्तिवाद मी तर्कशास्त्र शिकवण्याच्या उभ्या नोकरीत ऐकला नव्हता. चपला तिच्या हाती दिल्या, मागे गेलो आणि वाकलो.