बागूल सरांचा नकाशा

आमचे बागूल सर डोळे मिटून चहा घेतात. नुसता पितानाच नव्हे, कप उचलतानासुद्धा. खुर्चीत बसायचं, डोळे मिटायचे, हात पुढे करायचा, की बरोबर कपाच्या कानावर. टेबलावर कप, कात्री, चिकटपट्टी, सगळ्यांभोवती खडूने घरं आखलेली. अंबडच्या आमच्या कारखान्यात नवा आलेला प्रत्येक जण तो कप चार बोटं सरकवून पाहतोच. मीही सरकवला. सरांची बोटं थेट चहात! "नकाशा बदललात तर कळवत जा," एवढंच म्हणाले.

आम्ही द्राक्षबागांच्या फवारणी यंत्रांचे कंट्रोलर बनवतो. त्यात काही बिनसलं, की चिपला डीबगर जोडायचा. चालता प्रोग्रॅम हवा तिथे थांबवून आत डोकावायचं. एकदा माझा प्रोग्रॅम काही केल्या थांबेना. तिकडे पिंपळगावचं गिऱ्हाईक फोनवर फोन करत होतं. मी वैतागलो. "हा डीबगर आंधळा आहे लेकाचा!"

कधी न चिडणारे सर चिडले. "आंधळा म्हणायचं नाही. आपण सांगितलं नाही, असं म्हणायचं." त्यांनी सेटिंग उघडलं. प्रोग्रॅम जिथे साठवतात ती फ्लॅश मेमरी कुठे सुरू होते नि कुठे संपते, हे डीबगरला सांगावं लागतं; ते आकडे मी जुन्या चिपचेच ठेवले होते. सरांनी ते बदलले. प्रोग्रॅम गुमान थांबला. तेव्हापासून कँटीनच्या आमटीत मीठ नसलं, तरी आम्ही एका सुरात म्हणतो, "आपण सांगितलं नाही!"

परवा पहिल्यांदाच त्यांच्या घरी गेलो. ऐसपैस पाय पसरता यावेत म्हणून टीपॉय जरा बाजूला ढकलला. सरांच्या पत्नी, काकू, चहाचा ट्रे घेऊन, माझ्याशी बोलत, झपाझप आल्या आणि त्याच टीपॉयला धडकल्या. कपबश्या खळकन फुटल्या. काकू खाली बसून हाताने जमीन चाचपू लागल्या, तेव्हा कळलं, त्यांना दिसत नाही.

"मीच मेली वेंधळी," त्या ओशाळून म्हणाल्या.

"नाही गं. यांना मी सांगितलं नाही," सर माझ्याकडे बोट करत म्हणाले.

सरांनी काकूंना हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं, काचा वेचल्या, फरशी पुसली, टीपॉय जागेवर नेला. मग डोळे मिटून स्वयंपाकघरापासून तिथपर्यंत स्वतः चालत आले.

"ये आता," ते म्हणाले. "वाट मोकळी आहे."