सप्तपर्णीचा चीक

वारज्याच्या सोसायटीतल्या सप्तपर्णीच्या फांद्या छाटल्या गेल्या, आणि गोपाळकृष्णांनी लेक ऋचाच्या लग्नाची पत्रिका घरी केलेल्या कागदावर छापायचं ठरवून टाकलं. उभा जन्म कागदगिरणीच्या प्रयोगशाळेत गेलेला माणूस. लाकूड कॉस्टिक सोड्यात शिजवलं की लगदा होतो, त्यात विचारायचं काय! कुकर अ‍ॅल्युमिनियमचा, कॉस्टिक तो खाऊन टाकील, एवढी खबरदारीही त्यांनी घेतली. म्हणून तर बायकोचं, आनंदीबाईंचं, स्टीलचं मोठं पातेलं काढलं.

हे पातेलं आनंदीबाईंच्या आईचं. घरातल्या प्रत्येक केळवणाचा मसालेभात त्यातच व्हायचा, आणि ऋचाचं घरचं केळवण दुसऱ्याच दिवशी होतं.

मायलेकी खरेदी करून परतल्या तेव्हा गॅलरीतल्या शेगडीवर पातेलं रटरटत होतं. लगद्याचा पत्ता नव्हता. बुडाला नि कडांना काळा, चिकट थर मात्र घट्ट बसला होता. आनंदीबाईंनी पातेलं रिकामं करून चिंच लावली, राख लावली, शेवटी तारेची घासणी घेतली. ती घासणीच चिकटून बसली.

"सप्तपर्णीचा चीक आहे, कॉस्टिकला दाद देत नाही," गोपाळकृष्ण शांतपणे म्हणाले. "पाइनच्या राळेचा कसा, कॉस्टिक लागलं की साबण होतो. झाडाझाडाचा स्वभाव असतो."

"माझाही आहे. उद्या पातेलं स्वच्छ नसलं तर तो दिसेल."

हार मानतील ते गोपाळकृष्ण कसले! चूक झाडाची होती, त्यांची नव्हती. फ्रिजबरोबर आलेलं पाइनचं खोकं फोडून त्यांनी राळेने भरलेल्या गाठी त्याच पातेल्यात शिजायला घातल्या. या खेपेला कागद होणारच होता.

झाला तो फेस. पातेलं उतू गेलं, शेगडी विझली, गॅलरी भरली आणि फेस कठड्यावरून खालच्या मजल्यावर उतरला. गोपाळकृष्ण गॅस बंद करतात तोच खालचा पुष्कर कानाला हेडफोन लावून दारात हजर झाला. तो हिंजवडीच्या कंपनीचं काम घरूनच करायचा.

"काका, माझ्या मागच्या खिडकीत काय पडतंय? क्लायंट विचारतोय, पुण्यात स्नोफॉल होतो का."

तिकडे आनंदीबाई पातेलं उपडं करत होत्या. काळा थर फेसाबरोबर अलगद सुटून आला, पाठोपाठ घासणीही. बूड लखलखत होतं. राळेच्या साबणाने हट्टी चिकालाही सोबत नेलं होतं. आनंदीबाईंचा जीव भांड्यात पडला.

"हीच तर माझी योजना होती," गोपाळकृष्ण म्हणाले.

"हो, या बुडात तुमचा चेहरा दिसतोय ना. त्याच्यावर लिहिलंय."

केळवण झकास झालं. पत्रिका अप्पा बळवंत चौकात छापायला गेल्या. संध्याकाळी पुष्कर पुन्हा दारात उभा राहिला, हातात करपून काळीठिक्कर पडलेली कढई घेऊन.

"काका, पुढचा कागद कधी करताय?"

"कागद बंद झाला," आनंदीबाई आतून म्हणाल्या. "कढई ठेवून जा. पाइनचं खोकं मात्र आपापलं आणायचं."

गोपाळकृष्णांनी कढई घेतली आणि आत किती राळ लागेल याचा अंदाज बांधू लागले.