ढेरपोट्या घोड्यांच्या लष्कराची हकीकत

वाचणारांनी स्थिरचित्त व्हावे. ऑस्ट्रेलिया देशी समुद्रकाठचे वॉलॉंगॉंग शहरी, शके १९१६ भावनाम संवत्सरी, जे तुंबळ युद्ध एका गराजात आणि एका क्लबात जाहले त्याची हकीकत, पदरचा मीठमसाला न घालता लिहितो. थोडा पडला असल्यास थोरांनी माफ करावे.

राजश्री विश्रामराव, मूळ पेणचे, सांप्रत पोर्ट केंब्लाचे पोलाद कारखान्यात मोठे अंमलदार, यांस इंचभर उंचीचे धातूचे सैनिक टेबलावर मांडोन, फासे टाकोन लढाई करण्याचा नाद लागला. आणि शनिवारचे क्लबात सर्वांची लष्करे रोमन अथवा फ्रेंच, मराठी पागा कोणाचीच नाही, हे शल्य त्यांचे काळजात बहुत सलत होते. विलायतेत एक कंपनी मराठे स्वार विके, परंतु एकेका स्वारास दहा डॉलर, आणि पागा म्हणावयास साठ तरी पाहिजेत. मग रावांनी एकच स्वार खरेदून, त्याचा साचा घेऊन, बाकीचे घरीच ओतावे, ऐसी मसलत केली. पाकिटावर नक्कल करण्यास मनाई छापिली होती, ती त्यांनी चश्मा काढून वाचिली.

विद्यापीठात गणित शिकविणाऱ्या, रावांच्या पत्नी खाशा श्यामलाबाई यांचे फर्मान सुटले की, "जे काय वितळवायचं ते गराजमध्ये. माझ्या एका भांड्याला हात लावलास तर बघ!" सबब रावांनी गराजात डेरा दिला आणि शिसे-कथील पातळ करून प्लास्टरचे साच्यात ओतिले. साचा आतून ओला होता. हजारो खंडी तप्त पोलाद रोज हाताळणारा पुरुष, परंतु पळीभर धातूपुढे हे भान राहिले नाही. मग ओलीची वाफ होऊन एकच धडाका जाहला आणि धातू छपरास चिकटला. श्यामलाबाई धावत आल्या, आणि राव सलामत आहेत ऐसे पाहून मग त्यांची यथासांग कानउघाडणी केली.

दुसरे मोहिमेस साचा आठ दिवस वाळविला आणि बारा स्वार सुबक निघाले. ते घेऊन राव एलायसजींकडे गेले. हे वसईचे, पेशाने डॉक्टर, क्लबाचे पंच आणि रावांचे जिवलग. त्यांनी स्वार भिंगाखाली धरून निवाडा दिला, "अरे, ही चोरी आहे. कुणीतरी बसून डिझाइन केलंय ना ते? क्लबमध्ये कॉपी चालणार नाही, सॉरी. स्वतःचा घोडा बनव." रावांस राग बहुत आला, आणि राग ओसरल्यावर लाज त्याहून अधिक आली. बाराही स्वार पुन्हा मुशीत गेले.

मग राव स्वहस्ते पुट्टी मळोन घोडा घडवू बैसले. परंतु हातास सवय लहानपणी पेणेस केलेल्या गणपतींची, सबब घोडा जन्मे तो लंबोदरच. चार वेळा मोडिला, चारही वेळा पोट सुटले. पाचवे वेळी हात टेकिले, आहे तैसाच साचा घेतला, साठ ओतिले आणि रंगविले.

शनिवारी आर्वोस, म्हणजे तेथील बोलीत दुपारी, लष्कर क्लबात दाखल जाहले, तो ट्रेव्हर नामे रोमनांचा सरदार बोलिला, "मेट, इज दॅट अ वॉम्बॅट?" वॉम्बॅट म्हणजे त्या मुलखीचे एक आखूड पायांचे, गोलमटोल जनावर. सभा खदखदून हसली. रावांचे तोंड उतरले, फासेही फिरले, आणि लढाई गेली. हरणाराने जिंकणारास एक सैनिक नजर करावा, हा तेथील रिवाज. तो पाळून, ट्रेव्हरास एक ढेरपोट्या घोडा स्वारासह देऊन राव घरी आले आणि चार शनिवार क्लबाकडे फिरकले नाहीत.

पाचवे शनिवारी गेले, तो ट्रेव्हरचे टेबलावर वीस घोडे, वीसही ढेरपोटे! न पुसता ओतिलेले! रावांनी गर्जना केली, "एलायस, कॉपीराइट! हा माझा घोडा आहे!" शेजारचे दालनातील लाइन डान्सिंग थांबले. पंचांनी जाब पुसिला. ट्रेव्हर खाली मान घालोन म्हणाला, "सॉरी मेट. कंपनीच्या घोड्यांचे पाय मोडतात. युअर्स नेव्हर फॉल ओव्हर."

रावांचा राग जागीच विरघळला आणि डोळे भरून आले. मग तह जाहला की, वीस घोडे ट्रेव्हरने राखावे, प्रत्येकाचे तळास विश्रामरावांचे नाव कोरावे, आणि पुढे पुसल्यावाचून कोणी ओतू नये. एलायसजींचे सहीने कलम क्लबाचे दप्तरी दाखल जाहले. लढाई त्या दिवशीही राव हरले, आणि पुढेही बहुत हरले. परंतु चोरावा ऐसा घोडा त्यांनी घडविला, सबब फत्ते त्यांचे नावे लिहिली असे.