शंभरातले एक्क्याण्णव

चूक माझी एवढीच, की मी जगदीशला बॅटरीचा रिपोर्ट काढायला सांगितला.

मी प्रेमचंद, नंदुरबारच्या मिरची पथारीवर मुनीम. ओली मिरची उन्हात पसरली की चार क्विंटलची एक होते. त्या घटीवर कोणी भांडत नाही. पण पाच महिन्यांच्या लॅपटॉपची बॅटरी शंभराची एक्क्याण्णव झाली, हे मला काही पटेना. (बायको म्हणते, मला काहीच पटत नाही. तेही मला पटत नाही.)

लॅपटॉप लेकीनं दिलेला. हीना नोकरीसाठी बेंगळुरूला गेली तेव्हा म्हणाली, "पप्पा, यावर मी मोठी दिसेन." पण फोन करते तो आईच्या मोबाईलवर, रिक्षातून, चार मिनिटं. त्यातली दोन रिक्षावाल्याशी.

जगदीश म्हणजे आमच्या गल्लीतला रिपेअरवाला. तो म्हणाला, "काका, नुसता आकडा देखीसन समजत नई. फुल चार्ज करा, चार्जर काढा, आन् व्हिडिओ कॉल लाई द्या. बंद होईपर्यंत. तीन तासना वर गयी ते नॉर्मल शे."

घरी येऊन सांगितलं, तर बायको, पतासी, पोळी लाटता लाटता थांबली.

"तीन तास? हीनाशी?"

"हीनाशी नाही गं, बॅटरीशी."

पण ती ऐकते कुठली! रविवारी दुपारी नवी साडी नेसून बसली. बोलायचे विषय कागदावर लिहून घेतले होते. एकवीस विषय!

हीनानं कॉल उचलला आणि घाबरलीच. "काय झालं? कोणाला काही झालं का?"

"बॅटरीची टेस्ट आहे," मी म्हणालो. (पोरीची आठवण येते असं थोडंच सांगणार!)

अकराव्या मिनिटाला एकवीसही विषय संपले. जेवलीस का, हो. बारीक झालीस, नाही. मग मी मिरचीचे भाव सांगितले. हे सांगायला नको होतं, कारण तिनं लगेच जांभई दिली. बॅटरी सत्त्याण्णवावर. बरं वाटलं आणि वाईटही वाटलं.

"पप्पा, मला कपडे वाळत घालायचेत."

"तू घाल ना! नुसता कॉल चालू ठेव. आम्ही काही बोलत नाही."

ती गेली. समोर तिची खुर्ची राहिली. खुर्चीवर ओला टॉवेल.

"अजूनही ओला टॉवेल खुर्चीवरच टाकते," पतासी म्हणाली. मग तोंड स्क्रीनजवळ नेऊन ओरडली, "हीना, टॉवेल उचल गं!" तिकडे कोणी नव्हतं.

आम्ही दोघं त्या खुर्चीकडे पाहत बसलो. मध्येच कुठूनतरी तिचं हसणं ऐकू आलं, मैत्रिणीशी बोलत होती. तिचं ते हसू अजून तसंच आहे, हे कळून मला रडू आलं. मी चष्मा पुसायला काढला. पतासीनं पदर पुढे केला, तोही ओलाच होता. तीन तास दहा मिनिटांनी स्क्रीन काळी झाली.

जगदीशनं दुसऱ्या दिवशी तपासलं. "काका, बॅटरी नॉर्मल शे. पन तुम्ही ती वापरेलच नई. रातदिन चार्जर लाईसन ठेवतस, आनि आपल्याकडनं हे ऊन. म्हनीसन घटनी."

रात्रंदिवस लावतोच मी. नेमका तिचा कॉल यायचा आणि हा बंद असायचा! पाच महिन्यांत तो आला नाही, ही गोष्ट वेगळी.

"रोज थोडं कोनासंगे बोलत जा, बॅटरी टिकी," जगदीश म्हणाला.

संध्याकाळी हीनाचा फोन आला, मोबाईलवरच. "पप्पा, काय निघालं?"

नॉर्मल आहे, एवढंच सांगायचं होतं. पण जीभ घसरली. "काही नक्की कळत नाही बेटा. दर रविवारी टेस्ट करावी लागेल म्हणतो जगदीश. तीन तास." (खोटं बोलताना माझे कान लाल होतात. नशीब, मोबाईलवर दिसत नव्हते.)

पतासी माझा हात धरून उभी होती. तिचा कागद दुसऱ्या हातात होता, मागची बाजू अजून कोरी होती.

"दर रविवारी?" हीना कळवळली. "किती त्रास तुम्हाला! थांबा पप्पा, मी नवी बॅटरीच पाठवते."

गुरुवारी बॅटरी आली. जगदीशनं बसवली, रिपोर्ट काढला. शंभरातले शंभर.

"आते टेस्टनी काही गरज नई, काका," तो म्हणाला.